दाढेच्या मुळांतील गुप्त वाटा

वरच्या पहिल्या दाढेला बहुधा तीन मुळें असतात. म्हणून आंतील नलिकाहि तीनच, असा समज सहज होतो. परंतु गालाकडील पुढच्या मुळांत पुष्कळदां दोन नलिका असतात. ही चौथी नलिका नजरेंतून सुटली, तर तींतील जंतु तसेच राहतात व उपचार होऊनहि दाढ पुन्हां ठणकूं लागते. १८९५ सालीं राँटगेननें शोधलेल्या क्ष-किरणांचें साधें चित्र म्हणजे एक छायाच. तींत एकीमागील दुसरी नलिका झांकली जाते. शंकूच्या आकाराचा किरणझोत डोक्याभोंवतीं फिरवून अनेक छाया घेतल्या, कीं गणकयंत्र त्यांपासून दाढेचे आडवे छेद रचतें आणि लपलेली वाट उघडी पडते. मात्र यांत किरणांची मात्रा अधिक. म्हणून शंका असेल तेथेंच हा मार्ग योग्य होय.