लहान मेंदू : ताकद शाबूत, अंदाज चुकलेला

काठोकाठ भरलेला चहाचा कप उचलून ओठांना लावायचा, तर खांदा, कोपर, मनगट आणि बोटं यांचे कितीतरी स्नायू एकदम कामाला लागतात. कोणता स्नायू कधी आखडायचा, किती आखडायचा आणि कधी सैल सोडायचा, हा हिशेब आपण जाणूनबुजून करत नाही. त्यातला मोठा वाटा अनुमस्तिष्काचा, म्हणजेच लहान मेंदूचा असतो.

तो डोक्याच्या मागच्या भागात, मोठ्या मेंदूच्या खाली असतो. मध्ये चिंचोळा पट्टा, दोन्ही बाजूंना दोन गोलार्ध आणि पृष्ठभागावर दाटीवाटीने बसलेल्या बारीक आडव्या घड्या. वजन संपूर्ण मेंदूच्या साधारण १० टक्के. पण मेंदूतल्या सुमारे ८६०० कोटी चेतापेशींपैकी जवळपास ८० टक्के इथेच असतात.

मोठा मेंदू स्नायूंना हुकूम सोडतो तेव्हा त्याची एक प्रत इकडे येते. हात प्रत्यक्षात कुठे पोहोचला याची खबर स्नायू, सांधे आणि डोळे देतात. शरीराच्या तोलाची खबर आतल्या कानाकडून येते. लहान मेंदू दोन्हींचा मेळ घालतो आणि फरक दिसला की दुरुस्ती सुचवतो. हे काम पुर्किंये पेशींच्या हाती असतं. चेक शास्त्रज्ञ यान पुर्किंये यांनी १८३७ मध्ये त्यांचं वर्णन केलं. अशा एकेका पेशीवर लाखाहून अधिक बारीक तंतूंचे संदेश येऊन पडतात. शिवाय मेंदूच्या देठाकडून, म्हणजेच मस्तिष्कस्तंभाकडून, एकच जाड तंतू तिला वेढत चढतो. हालचाल चुकल्याची बातमी हा तंतू आणतो, असं मानलं जातं. मग चूक घडवणारे जोड हळूहळू क्षीण होतात आणि पुढची हालचाल सुधारते. सायकल शिकताना सुरुवातीला जाणारा तोल पुढे आपोआप सांभाळला जातो, त्यामागे हे शिकणं असतं.

म्हणूनच इथे इजा झाली तर सहसा लकवा होत नाही. ताकद राहते, मोजमाप बिघडतं. पहिल्या महायुद्धात गोळी लागलेल्या सैनिकांना तपासून ब्रिटिश डॉक्टर गॉर्डन होम्स यांनी १९१७ मध्ये ही लक्षणं बारकाईने मांडली. डॉक्टर रुग्णाला स्वतःच्या नाकाला आणि मग त्यांच्या बोटाला आलटूनपालटून बोट लावायला सांगतात. रुग्णाचं बोट निशाणाच्या पुढे जातं किंवा अलीकडेच थांबतं, आणि निशाण जवळ येईल तशी थरथर वाढते. तळहात भराभर उलटासुलटा करताना लय तुटते. बोलणं अडखळतं, डोळे झटके देत हलतात. उजव्या गोलार्धाला इजा झाली, तर दोष उजव्याच हातापायात दिसतो. मधला पट्टा बिघडला, तर धडाचा तोल जातो आणि माणूस पाय फाकून, झोकांड्या खात चालतो. पक्षाघात (स्ट्रोक), गाठ, काही आनुवंशिक आजार, वर्षानुवर्षांची दारू, फिट्सवरच्या फेनिटॉइनचं प्रमाण जास्त होणं, अशी यामागची कारणं अनेक आहेत.

यातला पक्षाघात सगळ्यात फसवा. हातपाय हलतात, तोंड वाकडं झालेलं नसतं; फक्त गरगरतं, उलट्या होतात आणि उभं राहता येत नाही. घरचे म्हणतात, पित्त झालं असेल. बाहेरचे म्हणतात, प्यायलाय. पण सूज वाढून मस्तिष्कस्तंभावर दाब आला, तर जिवावर बेततं. अचानक चक्कर येऊन आधाराशिवाय उभंही राहता येत नसेल, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. ताबडतोब रुग्णालय गाठा.