पोहण्याच्या गॉगलची काच : कोणत्या पाण्याला कोणता रंग?



पोहणे ही आपल्याकडे पैसे देऊन शिकण्याची गोष्ट नव्हती. कमरेला वाळलेला भोपळा नाहीतर पत्र्याचा डबा बांधायचा, थोरल्याने विहिरीत ढकलायचे, आणि चार दिवसांत पोर पोहायला लागायचे. आता अनेक तालुक्यांच्या गावी जलतरण तलाव झाले आहेत, शाळांच्या स्पर्धा जिल्ह्यापर्यंत आणि पुढे राज्यापर्यंत जातात, आणि शेतकऱ्याची लेकही पहाटेच्या बॅचला हजर असते. त्याबरोबर घरात एक नवी वस्तू आली आहे, ती म्हणजे पोहण्याचा गॉगल. बाप तो घ्यायला बाजारात जातो तेव्हा दुकानदार काळा, निळा, पिवळा, पांढरा, आरशासारखा चमकणारा असे दहा नग पुढे टाकतो. पोर त्यातला सगळ्यांत काळा किंवा सगळ्यांत चमकदार उचलते, कारण टीव्हीवरच्या खेळाडूच्या डोळ्यांवर तसाच असतो.

शेतीखात्याच्या माणसाने गॉगलवर का लिहावे, असे कोणी म्हणेल. पण उजेड किती आत घ्यायचा आणि किती अडवायचा हा हिशेब तुम्ही-आम्ही शेतात करतच असतो. ५० टक्के सावलीचे शेडनेट एप्रिलच्या उन्हात रोपांना सुखाचे असते. तेच आभाळ भरलेल्या दिवसांत तसेच ठेवले, तर रोपे उजेडाच्या शोधात लांबट आणि लुळी होतात. जाळी तीच, ऊन बदलले. गॉगलच्या काचेचेही असेच आहे. (काच म्हणायची आपली पद्धत. बहुतेक गॉगलांत असते ते पॉलिकार्बोनेट नावाचे कडक प्लास्टिक.) बिनरंगी काच, जिला आपण पांढरी म्हणतो, ती जवळजवळ सगळा उजेड आत सोडते. धुरकट काळी काच त्यातला बराचसा गिळते, आणि आरशासारखा थर दिलेली काच तो बाहेरच परतवते. म्हणून दुकानात उभे राहून रंग निवडण्याआधी पोर कुठल्या पाण्यात आणि किती वाजता पोहणार, हे ठरवा.

प्रथम विहिरीचे बोलतो, कारण आपली बहुतेक मुले तिथेच पोहतात. विहिरीत उजेड येतो तो फक्त वरून. भर दुपारी एक पट्टा तळाकडे जातो, बाकी वेळ काठाचा खडक काळाच असतो. पाण्याखाली पायऱ्या, कपारी, पाइप, मोटारीचा दोर आणि वायर असते. अशा ठिकाणी काळा गॉगल घालणे म्हणजे अंधाऱ्या खोलीत उन्हाचा चष्मा लावून शिरणे. माझ्या कार्यक्षेत्रातल्या एका गावात चौदा वर्षांचा मुलगा दिवस मावळताना आरशाच्या काचेचा गॉगल घालून विहिरीत पोहत होता. पाण्यात बुडालेली कपार त्याला दिसली नाही, आणि कपाळाला चार टाके पडले. त्याचे वडील मला म्हणाले, “साहेब, चांगला भारीतला गॉगल घेऊन दिला होता, तरी पोराला दिसलं कसं नाही?” मी म्हटले, “दादा, त्या गॉगलमुळंच दिसलं नाही.” विहिरीला पांढरी काच. फार तर अगदी फिकी निळी. यात मी तडजोड सांगणार नाही.

विहिरीचा विषय निघालाच आहे तर आणखी दोन गोष्टी सांगून ठेवतो. पोरे उतरण्यापूर्वी मोटारीचा स्टार्टर बंद करा आणि फ्यूज काढून खिशात ठेवा. पाण्यातल्या वायरीचे आवरण कुठे सोलले आहे हे कोणत्याही काचेतून वेळेत दिसत नाही. आणि गॉगल घालून वरून सूर किंवा मुटका मारू देऊ नका. पाण्याचा तडाखा गॉगलवर बसतो आणि त्याची कड डोळ्याभोवती रुतते. खोल बुडी मारून तळाची माती आणण्याची पैज लागते, तीही गॉगल काढून. या गॉगलात नाक मोकळे असते, त्यामुळे आतल्या हवेचा दाब वाढवता येत नाही. पाणी जसजसे खोल, तसतसा गॉगल डोळ्यांना तुंबडीसारखा ओढतो आणि डोळ्यातल्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात.

शेततळ्याबद्दल मात्र काचेचा रंग विचारूच नका. प्लास्टिकचे अस्तर घातलेल्या शेततळ्यात पोहायचे नाही, एवढेच उत्तर आहे. ओल्या अस्तरावर शेवाळ धरते, उतार निसरडा होतो, आणि पट्टीच्या पोहणाऱ्यालाही काठ सापडूनसुद्धा वर येता येत नाही. तळ्याभोवती कुंपण घाला आणि गाठी मारलेला दोर काठावरून पाण्यापर्यंत कायम सोडून ठेवा.

नदीचे पाणी हिवाळ्यात नितळ असते तेव्हा पांढरी किंवा पिवळट काच चालते. पावसाळ्यात गढूळ पाण्यात मातीचे बारीक कण उजेड चोहीकडे विखुरतात, तिथे कोणताही रंग कामाला येत नाही. पिवळ्या काचेने गढूळ पाण्यातले स्पष्ट दिसते असे विकणारा सांगतो. पाण्याबाहेर तिने थोडे उजळ दिसल्यासारखे वाटते, एवढेच. पाण्याखाली हातभर अंतरावर दिसत नसेल तर पिवळ्या काचेतूनही दिसत नाही, आणि त्या पाण्यात उतरूही नये.

आता तलाव. छताखालच्या तलावाला पांढरी किंवा फिकी निळी काच घ्यावी. तळाशी काळी रेघ असते, ती भिंतीच्या २ मीटर अलीकडे आडव्या दांडीने संपते. ती दांडी दिसली की वळायची तयारी करायची. उताणे पोहणाऱ्याला भिंतीच्या ५ मीटर अलीकडे डोक्यावर पताका दिसतात. या खुणा चुकल्या की डोके नाहीतर हात भिंतीवर आपटतो. उघड्या तलावात सकाळी सहाच्या बॅचला हाच रंग बरा. सकाळी नऊनंतर किंवा दुपारी चारला पोहायचे असेल तर मध्यम निळी अथवा धुरकट काच डोळ्यांना आराम देते. क्लोरीनच्या पाण्याने डोळे चुरचुरतात म्हणून काही जण गडद काच मागतात. पण चुरचुर थांबते ती पाणी आत न आल्याने, रंगाने नव्हे.

काळ्या आणि आरशाच्या काचेची खरी जागा म्हणजे समुद्र. मालवणला चिवला किनाऱ्यावर राज्यस्तरीय सागरी जलतरण स्पर्धा होतात, घाटावरची मुलेही तिथे उतरतात. तलावात पोहलेल्या मुलाला तिथे पहिली अडचण येते ती दिशा शोधण्याची. तळाला रेघ नाही, म्हणून थोड्या थोड्या हातांनी मान वर काढून पाण्यावर तरंगणारा बोया बघावा लागतो. आपला कोकण किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी आत जाताना सूर्य पाठीशी असतो, पण किनाऱ्याकडे परतताना तोच सरळ डोळ्यांत येतो, आणि पाण्यावरची झळाळी त्यात भर घालते. तेव्हा धुरकट किंवा आरशाची काच लागते. आभाळ असेल तर तांबूस-पिवळी काच सरस. ती निळा उजेड कमी करते, त्यामुळे निळसर-हिरव्या पाण्यावर नारिंगी बोया उठून दिसतो. निळ्या काचेतून तोच बोया काळपट होऊन पाण्यात मिसळतो. पोलराइज्ड नावाची काच मिळते, ती पाण्यावरून येणारी आडवी झळाळी कापते. ती उपयोगी आहे, पण महाग आहे. वर्षातून एकदा समुद्रात उतरणाऱ्या मुलासाठी तेवढा खर्च करू नये असे माझे मत आहे.

एक गैरसमज फार पसरलेला आहे. काच जितकी काळी तितके डोळ्यांचे रक्षण जास्त, असे नाही. उन्हातले अतिनील किरण डोळ्यांना घातक. ते अडवणे हा काचेच्या द्रव्याचा गुण आहे, रंगाचा नव्हे. चांगल्या पॉलिकार्बोनेटची पांढरी काचही हे किरण जवळजवळ पूर्ण अडवते. उलट हलक्या प्रतीच्या काळ्या काचेमागे उजेड कमी म्हणून बाहुली मोठी होते, आणि किरणांना दार सताड उघडे मिळते. वेष्टनावर “यूव्ही ४००” किंवा अतिनील संरक्षण असे छापलेले आहे का ते पाहा. यात्रेत मिळणाऱ्या उन्हाच्या चष्म्यांनाही हेच लागू आहे.

रंग ठरला तरी आधी बसणी पाहावी. १९११ साली थॉमस बर्जेस इंग्लिश खाडी पोहला तेव्हा त्याने मोटारसायकलवाल्यांचा गॉगल लावला होता, त्यात पाणी शिरत होते. १९२६ साली गर्ट्रूड एडर्ले ही खाडी पार करणारी पहिली स्त्री ठरली. तिने गॉगलच्या कडा मेणाने बंद केल्या होत्या. आज मेण लागत नाही, पण बसणी पाहावीच लागते. पट्टा न लावता गॉगल डोळ्यांवर हलकेच दाबा. हात काढल्यावर तो क्षणभर चिकटून राहिला तर तो त्या चेहऱ्याचा. लगेच पडला तर दुसरा बघा, म्हणून पोराला बरोबर न्यावे. पट्टा आवळून पाणी थांबवू नये, डोके दुखते.

रंगाची परीक्षा दुकानाच्या झगमगाटात होत नाही. विहिरीसाठी घेतलेला गॉगल घालून दिवेलागणीला गोठ्यात उभे करा. दावणीचा दोर आणि गव्हाणीतला कडबा वेगवेगळा दिसला पाहिजे. नाही दिसला तर दुसऱ्या दिवशी बदलून आणा.

वापरून झाल्यावर साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा. काचेला आतून बोट किंवा फडके लावू नका, वाफ धरू नये म्हणून दिलेला थर त्याने खरवडला जातो. ट्रॅक्टरच्या बॉनेटवर उन्हात ठेवलेला गॉगल वाकतो आणि मग कितीही दाबा, पाणी येतच राहते. मुलाला दूरचे दिसण्याचा नंबर असेल तर नंबरचे गॉगलही मिळतात, बहुधा अर्ध्या अर्ध्या नंबरच्या फरकाने. नेमका नंबर न मिळाल्यास कोणता घ्यावा ते डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारून घ्या, आणि त्यातही पहिला जोड पांढऱ्या काचेचाच घ्या.