‘हडसन’ : बंदरातील एका सरकारी टगची सेवा (१८९३–१९३५)

प्रस्तावना

नौदलाच्या इतिहासलेखनात युद्धनौकांना अग्रस्थान मिळते. बंदरात राबणाऱ्या नौकांची नोंद मात्र क्वचितच घेतली जाते. मोठ्या जहाजांना ओढणारी किंवा ढकलणारी छोटी, बळकट टग नौका ही अशीच उपेक्षित राहिली आहे. अमेरिकेच्या महसूल कटर सेवेतील ‘हडसन’ या वाफेवर चालणाऱ्या टगने युद्धात नाव मिळविले. ते यश तिच्या तोफांपेक्षा तिच्या मूळ नागरी रचनेचे कसे होते, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

रचना आणि नेमणूक

महसूल कटर सेवा १७९० मध्ये अलेक्झांडर हॅमिल्टन यांच्या पुढाकाराने स्थापन झाली. ती नौदलाच्या नव्हे, तर अर्थखात्याच्या अधीन होती. जकात चुकविणाऱ्यांना आळा घालणे हे तिचे मूळ कार्य होते. ‘कटर’ हे मूलतः एका शिडाच्या नौकेचे नाव. परंतु या सेवेत तिच्या कोणत्याही सशस्त्र नौकेला तेच नाव रूढ झाले. न्यूजर्सीतील कॅम्डेन येथे बांधलेली ‘हडसन’ १८९३ मध्ये सेवेत दाखल झाली. तिचे कवच पोलादी होते आणि इंजिन त्रि-प्रसरण पद्धतीचे होते. अशा इंजिनात एकच वाफ उच्च, मध्यम व निम्न दाबाच्या सिलिंडरांतून क्रमाने प्रसरण पावते, त्यामुळे कोळशाच्या तेवढ्याच खर्चात अधिक काम होते. न्यूयॉर्क बंदरात येणाऱ्या जहाजांपर्यंत जकात अधिकाऱ्यांना पोहोचविणे हे अशा नौकेचे नित्याचे काम होते. त्यासाठी अरुंद जागेत चटकन वळणे आणि दुसऱ्या जहाजाला अलगद भिडणे आवश्यक असते. टगची घडण नेमकी त्याचसाठी असते.

कार्देनासची चकमक

१८९८ मध्ये स्पेनशी युद्ध सुरू झाल्यावर ‘हडसन’ नौदलाच्या दिमतीला देण्यात आली. तिच्यावर हलक्या तोफा बसविण्यात आल्या. ११ मे १८९८ रोजी क्यूबातील कार्देनासच्या उपसागरात ‘विल्मिंग्टन’ ही तोफनौका, ‘विन्स्लो’ ही टॉर्पेडो नौका आणि ‘हडसन’ शिरल्या. ‘विन्स्लो’ धक्क्याजवळ गेली असता तिच्यावर जोरदार मारा झाला. मारा करणाऱ्यांत ‘अँतोनिओ लोपेस’ होती. तीही तोफ बसविलेली टगच होती, हे लक्षणीय आहे. ‘विन्स्लो’चे सुकाणू निकामी झाले, यंत्रसामग्रीचेही नुकसान झाले आणि ती तोफांच्या टप्प्यात वाहत राहिली. ‘हडसन’चे कप्तान लेफ्टनंट फ्रँक न्यूकम यांनी भर माऱ्यात नौका तिच्याजवळ नेली. दोरखंड देण्याच्या खटपटीतच एन्साइन वर्थ बॅगली आणि त्यांचे काही सहकारी गोळ्याच्या स्फोटात बळी पडले. ‘विन्स्लो’वरील एकूण पाच जण मृत्युमुखी पडले. तरीही ‘हडसन’ने तिला ओढून सुरक्षित पाण्यात आणले. निकामी जहाजाशी दोर जोडणे व ते ओढून नेणे हे टगचे रोजचेच काम. येथे ते गोळ्यांच्या वर्षावात करावे लागले, एवढाच काय तो फरक.

गौरव आणि उत्तरकाळ

राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली यांच्या शिफारशीनुसार काँग्रेसने न्यूकम यांना सुवर्णपदक, अन्य अधिकाऱ्यांना रौप्यपदके व खलाशांना कांस्यपदके दिली. अर्थखात्याच्या अधीन असलेल्या एका छोट्या नौकेवरील सर्वांनाच हा मान मिळाला, हे विशेष होय. युद्धानंतर ‘हडसन’ मूळ सेवेत परतली. १९१५ मध्ये महसूल कटर सेवा व जीवनरक्षक सेवा यांच्या विलीनीकरणातून तटरक्षक दल निर्माण झाले आणि ‘हडसन’ त्यात समाविष्ट झाली. १९३५ मध्ये ती विकण्यात आली.

निष्कर्ष

‘हडसन’च्या सुमारे बेचाळीस वर्षांच्या सेवेत कीर्ती मिळाली ती एका दुपारची. त्या दुपारी उपयोगी पडलेले कौशल्य मात्र बंदरातील कामात वर्षानुवर्षे घडले होते. म्हणून अशा नौकांचा इतिहास लिहिताना पदकांच्या नोंदीइतकेच महत्त्व दैनंदिन कामाच्या नोंदींना देणे अगत्याचे ठरते.