दुखणे थांबले म्हणजे गुडघा बरा झाला?

‘डॉक्टर, गुडघा मुरगळलाय. चोळून घेतला. रविवारी मॅच आहे, तेवढं एक इंजेक्शन द्या!’ कबड्डी खेळणाऱ्या मुलांची ही मागणी नेहमीची. अशा मुलांना मी ज्युसेप्पे रोस्सी या इटलीच्या फुटबॉलपटूची हकीकत सांगतो.

रोस्सी स्पेनच्या व्हियारेआल क्लबाचा हुकमी खेळाडू. २६ ऑक्टोबर २०११ रोजी रेआल माद्रिदविरुद्ध त्याच्या उजव्या गुडघ्यातील लिगामेंट तुटले. सहा महिनेही झाले नव्हते, तोच एप्रिल २०१२ मध्ये सरावात ते पुन्हा तुटले. ऑक्टोबर २०१३ मध्ये फिओरेंतिनाकडून त्याने युव्हेंटसवर तीन गोल चढवले. पण जानेवारीत तोच गुडघा दुखावला आणि २०१४ चा विश्वचषक हुकला. २०१७ मध्ये डाव्या गुडघ्याचे लिगामेंट गेले. क्लब बदलत, उपचार घेत अखेर २०२३ मध्ये त्याने निवृत्ती पत्करली. उत्तमोत्तम डॉक्टर हाताशी असलेल्या खेळाडूची ही गत!

मांडीचे आणि नडगीचे हाड एकमेकांवरून सरकू नये म्हणून गुडघ्याच्या आत एक तिरका, दोरासारखा बंध असतो. पाऊल जमिनीत रोवलेले असताना अंग गर्रकन वळले की तो तुटतो. ‘कट्’ असा आवाज, काही तासांतच आलेली सूज आणि चालताना गुडघा निसटल्यासारखा वाटणे, ही त्याची लक्षणे. एक्स-रेमध्ये हाडे शाबूत दिसली म्हणून निर्धास्त राहू नका. लिगामेंट त्यात दिसत नाही.

अशा वेळी चोळणे टाळा. बर्फ फडक्यात गुंडाळून शेका, पाय उंचावर ठेवा आणि अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. प्रत्येकालाच शस्त्रक्रिया लागते असे नाही. मात्र ती केलीच, तर नव्या बंधात रक्तपुरवठा होऊन तो मजबूत व्हायला बरेच महिने लागतात. दुखणे त्याआधीच थांबते, आणि फसगत होते ती इथेच. रोस्सीच्या बाबतीत घाईच नडली असे मी म्हणणार नाही. पण निदान नऊ महिने जाऊन, दोन्ही मांड्यांची ताकद सारखी झाल्याशिवाय मैदानात उतरू नये, हे आता सर्वमान्य आहे.

पालकहो, मुलाचा एक हंगाम बुडाला तर बुडू द्या. गुडघा मात्र त्याला जन्मभर पुरवायचा आहे.