दारू नको, मसाला विका! नाताळ आणि थर्टी फर्स्टसाठी मसाला किटचा हंगामी व्यवसाय



ऑक्टोबर उजाडला की एक प्रश्न हमखास येतो. "सर, दालचिनी-लवंग घातलेली रम घरी छान होते. मैत्रिणी, शेजारी सगळे मागतात. नाताळात छोट्या बाटल्या भरून विकल्या तर?"

आयडिया चांगली आहे, डिमांडही आहे. पण त्या बाटल्या विकायच्या नाहीत. का नाही, आणि त्याच डिमांडवर कायद्यात बसणारा व्यवसाय कसा उभा करायचा, हे आज शेवटपर्यंत समजून घेऊ. व्हिडिओत वेळेअभावी जे हिशोब राहून गेले, तेही इथे देतोय.

आधी कायदा, मग कल्पना

आपल्याकडे महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ लागू आहे. नाव दारूबंदीचं असलं तरी व्यवहारात तो परवान्यांचा कायदा आहे. दारू बनवणं, विक्रीसाठी बाटलीत भरणं, विकणं, या प्रत्येक गोष्टीला राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो. पिणाऱ्यालासुद्धा परवाना लागतो. तो एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीव मिळतो. रम, व्हिस्की, व्होडकासाठी महाराष्ट्रात वयाची अट २५ वर्षं आहे.

आता बरेच जण म्हणतात, "मी कुठे दारू बनवतेय? दुकानातली सीलबंद बाटली आणते, त्यात फक्त मसाला टाकते." इथेच गफलत होते. कायद्याच्या भाषेत निर्मिती म्हणजे फक्त भट्टी लावणं नव्हे. दारू तयार करणं, मिसळणं हेही त्यात येतं. शिवाय सील फोडून दुसऱ्या बाटलीत भरून विकलं, म्हणजे विनापरवाना भरणं आणि विकणं दोन्ही झालं. इन्स्टाग्रामवर विका, सोसायटीच्या ग्रुपवर विका, "भेट देतेय, फक्त खर्चाचे पैसे घेतेय" असं म्हणा, पैसे घेतले की विक्रीच. गुन्हा दाखल होऊ शकतो, माल जप्त होऊ शकतो, तुरुंग आणि दंड दोन्ही होऊ शकतात. दहा-पंधरा हजारांच्या नफ्यासाठी ही जोखीम परवडणारी नाही.

गोव्यात दारू स्वस्त आहे, नियम सैल आहेत असं आपल्याला वाटतं. पण तिथेही दारू बनवायला आणि विकायला अबकारी खात्याचा परवाना लागतोच.

कायदा इतका कडक का? जून २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणीत विषारी दारूने १०० हून जास्त माणसं गेली. कारण होतं मिथेनॉल. बाटलीत काय आहे हे पिणाऱ्याला बघून किंवा वास घेऊन कळत नाही. म्हणून बाटली कुणी भरली, माल कुठून आला, याचा माग सरकारला हवा असतो.

मग विकायचं काय?

गिऱ्हाईकाला खरं तर काय हवंय? दारू त्याला दुकानात मिळते. त्याला हवाय नाताळचा तो वास, ती चव, आणि "मी घरी केलं" म्हणून पाहुण्यांना सांगायची मजा. हे सगळं मसाल्यात आहे, आणि मसाला विकायला दारूचा परवाना लागत नाही.

परदेशात असे किट नाताळात भेट म्हणून चालतात. जारमध्ये सुके मसाले आणि सुकवलेल्या फळांच्या चकत्या असतात. बाटली गिऱ्हाईक स्वतः आणतं, जारमध्ये ओततं, दोन-तीन दिवस ठेवतं. विकणाऱ्याचा दारूशी संबंधच येत नाही.

आपल्याकडेही याच्या जवळचं उदाहरण आहे. वसई, गोराई, वांद्रे भागातल्या ईस्ट इंडियन समाजाचा बॉटल मसाला बघा. उन्हाळ्यात करायचा आणि गडद रंगाच्या बिअरच्या बाटल्यांत दाबून भरायचा, म्हणून त्याचं नाव बॉटल मसाला. उजेड लागत नाही म्हणून रंग-वास टिकतो. बाटली बिअरची, धंदा मसाल्याचा! आज कितीतरी बायका तो घरून विकतात.

मसाला दारूत मुरतो म्हणजे काय होतं?

प्रॉडक्ट विकायचं तर त्यामागचं कारण माहीत पाहिजे. लवंगेचा, दालचिनीचा, वेलदोड्याचा वास त्यांच्यातल्या सुगंधी तेलांमुळे येतो. ही तेलं पाण्यात नीट विरघळत नाहीत, पण अल्कोहोलमध्ये विरघळतात. आपल्याकडे रम-व्होडकाच्या बाटलीवर बहुतेक वेळा ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. एवढं अल्कोहोल मसाल्याचा अर्क काढायला पुरेसं आहे. त्यामुळे गॅसवर गरम करायची गरजच नाही, आणि करूही नये. अल्कोहोलची वाफ पेट घेते. किटच्या माहितीपत्रकात हे ठळक लिहा.

दुसरी गोष्ट, सगळे मसाले एकाच वेगाने मुरत नाहीत. ७५० मिलीच्या एका बाटलीसाठी हे माप धरा:

- लवंग ५ नग: एक दिवस पुरे. जास्त ठेवली तर जीभ बधिर करणारी चव येते.
- चक्रफूल १: एक दिवस. नंतर बडीशेपेसारखा वास सगळ्यावर मात करतो.
- वेलदोडे ४, किंचित ठेचलेले: दोन ते तीन दिवस.
- दालचिनी, बोटभर लांबीचे २ तुकडे: दोन ते तीन दिवस. पुढे लाकडासारखा कडवटपणा उतरतो.
- संत्र्याची सुकवलेली साल, साधारण ४ ग्रॅम: दोन ते तीन दिवस.
- सुंठेचा छोटा तुकडा: दोन ते तीन दिवस.

आता डोकं लावा. वेळ वेगवेगळी आहे, आणि गिऱ्हाईक एकेक लवंग चमच्याने शोधून काढत बसणार नाही. म्हणून किटमध्ये मलमलच्या दोन पोटल्या द्या. पहिल्या पोटलीत लवंग आणि चक्रफूल, २४ तासांनी काढायची. दुसऱ्या पोटलीत बाकी सगळं, तिसऱ्या दिवशी काढायची. हाच तुमच्या प्रॉडक्टचा वेगळेपणा. "मसाल्याचं पाकीट" कुणीही विकेल. "चव बिघडणार नाही असं किट" तुम्ही विकताय.

मसाला घेताना इथे फसू नका

१. दालचिनी: बाजारात दालचिनी म्हणून जी जाड, कडक, एकाच वळणाची साल मिळते ती बहुतेक वेळा कॅसिया असते. सिलोन दालचिनी पातळ असते, विडीच्या पानासारखे थरावर थर असतात, हाताने चुरगळते. कॅसियात कुमारिन नावाचा घटक जास्त असतो, तो मोठ्या प्रमाणात यकृताला चांगला नाही. किटसाठी सिलोन घ्या. महाग पडते, पण चव गोडसर आणि नाजूक येते.

२. चक्रफूल: याच्यासारखंच दिसणारं एक जपानी फळ विषारी असतं. सुकल्यावर दोन्ही ओळखणं अवघड जातं. म्हणून सुट्टं, पावतीशिवाय चक्रफूल कुणाकडूनही घेऊ नका. वाशीच्या एपीएमसी मसाला मार्केटमधून किंवा तुमच्या शहरातल्या माहितीच्या घाऊक व्यापाऱ्याकडून बिलासकट घ्या.

३. जायफळ: मोह होतो, पण पहिल्या किटमध्ये टाळा. जास्त प्रमाणात जायफळ अंगाला बाधतं, आणि गिऱ्हाईक किती वेळ भिजत ठेवेल हे आपल्या हातात नाही.

४. संत्र्याची साल: नागपुरी संत्र्याचा आंबिया बहार ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत बाजारात असतो, म्हणजे आपल्या हंगामाला बरोबर जुळतो. सालीचा पांढरा भाग काढून टाका, तो कडू असतो. साल इतकी सुकवा की वाकवल्यावर कट्कन मोडली पाहिजे. नुसती लवत असेल तर पाकिटात बुरशी येणार.

मसाला अख्खाच ठेवा, पूड नको. पूड पोटलीतून निसटते आणि पेय गढूळ होतं.

हिशोब: १०० किटचा

खाली मी भाव अंदाजाने धरलेत. तुमच्या बाजारातले भाव टाकून पुन्हा मांडा. एका किटचा खर्च:

- मसाला आणि साल, वाया जाणारं धरून: ₹२०
- मलमलच्या दोन पोटल्या: ₹१०
- आतलं पाकीट आणि लेबल: ₹१०
- खोका: ₹१५
- मजुरी, तुमची स्वतःची धरून: ₹२०
- वीज, प्रवास, नोंदणीचा वाटा: ₹१०

एकूण ₹८५. शंभर किटचे ₹८,५००.

छापील किंमत ₹२४९ ठेवली आणि दुकानदाराला ३० टक्के म्हणजे साधारण ₹७५ सोडले, तर हातात ₹१७४ येतात. ₹८,५०० ला १७४ ने भागा. ४९ किट विकले की भांडवल सुटलं. ८० विकले तर ₹१३,९२० जमा, म्हणजे ₹५,४२० नफा, तोही स्वतःची मजुरी वेगळी काढून. पण ४० च विकले तर ₹६,९६० येतात आणि दीड हजाराचा खड्डा पडतो.

हंगामी धंद्याचं दुखणं इथेच असतं. १ जानेवारीला सांताक्लॉज छापलेला खोका कुणी घेत नाही. म्हणून खोका साधा ठेवा आणि नाताळचं वेगळं स्टिकर लावा. उरलेल्या किटचं स्टिकर काढलं की तेच किट हिवाळाभर चालतं. पहिल्या वर्षी १०० च्या वर जाऊ नका.

फक्त दारूवाल्यांपुरतं ठेवू नका

हेच मसाले गरम सफरचंदाच्या रसात, द्राक्षाच्या रसात, काळ्या चहात मस्त लागतात. इथे रस मंद आचेवर दहा-पंधरा मिनिटं पोटलीसकट गरम करायचा. माहितीपत्रकावर ही कृती पहिली छापा. न पिणारी घरं, लहान मुलं असलेली घरं, ऑफिसमधल्या भेटवस्तू, असं केवढं तरी मोठं गिऱ्हाईक उघडतं. वर्धा, गडचिरोलीसारख्या दारूबंदी असलेल्या जिल्ह्यांतही हे किट बिनधास्त विकता येतं.

कागदपत्रं आणि लेबल

मसाला हा खाद्यपदार्थ आहे, म्हणून एफएसएसएआयची नोंदणी हवीच. छोट्या उलाढालीला नोंदणी पुरते, मोठ्या उलाढालीला परवाना लागतो. सध्याची मर्यादा फॉसकॉस पोर्टलवर बघा. १४ अंकी नंबर लेबलवर यायला हवा. सोबत घटकांची यादी, निव्वळ वजन, बॅच नंबर, पॅकिंगची तारीख, किती काळ वापरता येईल, सर्व करांसह किंमत, तुमचं नाव-पत्ता, तक्रारीसाठी फोन किंवा ईमेल, आणि शाकाहाराचं हिरवं चिन्ह.

काय टाळायचं?

- कुठल्याही दारूच्या ब्रँडचं नाव किंवा बाटलीचा फोटो नको. जाहिरातीच्या आणि ट्रेडमार्कच्या भानगडीत पडाल.
- किटसोबत छोटी बाटली "फ्री" नको. गिफ्ट हॅम्परमध्येही नको. एका बाटलीने पूर्ण व्यवसाय पुन्हा दारूच्या कायद्यात जातो.
- स्टॉलवर दारू घातलेलं सॅम्पल नको. सफरचंदाच्या रसाचं सॅम्पल द्या.
- "सर्दी-खोकल्यावर गुणकारी" असले दावे नकोत.

शंका असेल तर तुमच्या तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या राज्य उत्पादन शुल्क कार्यालयात जाऊन सरळ विचारा. "मी फक्त मसाला विकते, दारू नाही" हे तिथे बोलून घेतलेलं बरं.

या आठवड्याचं काम

काचेच्या सहा छोट्या बरण्या घ्या. प्रत्येकीत १०० मिली सफरचंदाचा रस गरम करून ओता आणि एकेका बरणीत एकच मसाला टाका. पाच मिनिटांनी, पंधरा मिनिटांनी, अर्ध्या तासाने चव घ्या आणि वहीत लिहा. मग दोन-तीन मसाले एकत्र करून बघा. लक्षात ठेवा, रसातली वेळ मिनिटांत असते आणि दारूतली दिवसांत, पण कुठला मसाला कुणावर मात करतो हे यातून नक्की कळतं. ही वही म्हणजे तुमची रेसिपी.

ऑक्टोबरमध्ये चाचणी, नोव्हेंबरच्या सुरुवातीला नोंदणी आणि लेबल हातात, नोव्हेंबरअखेर माल तयार, १ डिसेंबरपासून विक्री. मसाला मुरायला तीन दिवस लागतात, म्हणून नाताळच्या गिऱ्हाईकाच्या हातात २० डिसेंबरपर्यंत किट पडलंच पाहिजे. त्यानंतर मागे लागा थर्टी फर्स्टच्या.

तुमच्या बाजारातले भाव टाकून ८५ रुपयांचा आकडा कितीवर येतो, ते कमेंटमध्ये लिहा. ११० च्या वर गेला तर किंमत वाढवायच्या आधी खोका स्वस्त करा, मसाला नाही!