‘प्रथम’ची धुरा कोणाकडे?

१९९५ साली मुंबईच्या वस्त्यांमध्ये ‘प्रथम’ या शिक्षणक्षेत्रातल्या स्वयंसेवी संस्थेने बालवाड्या सुरू केल्या, देवळात, कुणाच्या घरात, जागा मिळेल तिथे. संस्थापकांपैकी माधव चव्हाण रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेले, लाल निशाण पक्षाचे नेते यशवंत चव्हाण यांचे चिरंजीव. दुसऱ्या संस्थापक फरिदा लांबे निर्मला निकेतनमध्ये समाजकार्य शिकवत. २०१५मध्ये सूत्रं रुक्मिणी बॅनर्जींकडे आली, २०२१चं यीदान पारितोषिकही त्यांना मिळालं. मात्र संस्थेचा खरा दबदबा ‘असर’ अहवालाचा. २००५पासून स्थानिक स्वयंसेवक, त्यांत कॉलेजची मुलं-मुली बरीच, गावोगाव घरी जाऊन वाचन तपासायला मुलांपुढे एक साधा कागद धरतात: अक्षरं, शब्द, छोटा उतारा, शेवटी दुसरीच्या पातळीची गोष्ट. पाचवीतली कितीतरी मुलं या गोष्टीपाशी अडखळतात.