गळका नळ आणि घराचा विमा

लोणावळ्यात वर्षाकाठी सरासरी ४,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्यामुळे कामशेत, मळवली किंवा लोणावळा येथील घरात भिंतीला ओल आली, गिलाव्याचे पोपडे सुटू लागले, की आपण पावसाला दोष देऊन मोकळे होतो. पण पुष्कळदा हे पाणी घरातल्याच नळीतून आलेले असते. मित्रहो, पाणी कोठून आले आणि कसे आले, यावरच घराच्या विम्याची भरपाई मिळणार की नाही हे ठरते. कसे ते पाहू.

दाबाचे गणित

पाण्याचा स्तंभ १० मीटर उंच असेल तर त्याच्या तळाशी दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे १ किलोग्रॅम वजनाइतका दाब पडतो. लोणावळ्याच्या परिसरातील धरणांचे पाणी सुमारे ५०० मीटर खाली खोपोलीला उतरवून टाटांचे वीजकेंद्र १९१५ पासून चालत आले आहे. तेथे हा दाब सुमारे ५० किलोग्रॅमपर्यंत जातो. म्हणून नळ जाड पोलादाचे लागतात.

आपल्या गच्चीवरची टाकी खालच्या नळापेक्षा ५ मीटर उंच असेल, तर दाब फक्त अर्धा किलोग्रॅम. हा क्षुल्लक वाटतो ना? समजा, त्या नळीला ३ मिलिमीटर व्यासाचे भोक पडले. टॉरिचेलीच्या नियमानुसार पाणी सेकंदाला सुमारे १० मीटर वेगाने बाहेर पडेल. भोकाजवळ धार आकसते हे धरूनही मिनिटाला अडीच लिटर पाणी वाहील. म्हणजे १,००० लिटरची टाकी सात तासांच्या आत रिकामी! घर बंद असेल, तर हे सारे पाणी फरशीवर, कपाटांत आणि विजेच्या जोडण्यांत जाणार.

याउलट सेकंदाला एक थेंब गळणारा सांधा घ्या. २० थेंबांचा १ मिलिलिटर धरला, तर दिवसाला साधारण सव्वाचार लिटर पाणी जाते. ते दिसत नाही. भिंत ते महिनोन्‌महिने शोषत राहते.

नळी फुटते कशाने? थंड देशांत नळीतले पाणी गोठते, सुमारे ९ टक्के प्रसरण पावते आणि नळी तडकते. मावळात असे होत नाही. येथे लोखंडी नळी गंजते, सांधे सैल होतात. शिवाय तोटी एकदम बंद केली, की वाहते पाणी अचानक थांबून नळीला जोराचा धक्का देते. जुन्या सांध्याला तो सोसत नाही.

विमा कशाला म्हणायचा?

समजा, १,००० घरांपैकी वर्षाला ५ घरांत नळी फुटते आणि प्रत्येकी ४०,००० रुपयांचे नुकसान होते. एकूण नुकसान २ लाख. ते सर्वांनी वाटून घेतले तर प्रत्येकाला २०० रुपये येतात. त्यात कंपनीचा खर्च मिळवला की झाला हप्ता. ती ५ घरे कोणती हे आधी कोणालाच ठाऊक नसते, म्हणूनच हे जमते. पण गंजणे, झिजणे, हळूहळू ओल धरणे हे तर प्रत्येक जुन्या घरात होणारच. जे होणारच आहे त्याचा विमा नसतो. त्याला दुरुस्तीच हवी.

आपल्या देशात १ एप्रिल २०२१ पासून राहत्या घरांसाठी ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी आहे. आग, वीज, भूकंप, पूर, दरड यांच्याबरोबरच पाण्याच्या टाक्या, उपकरणे व नळ फुटणे किंवा भरून वाहणे ही घटनाही तिच्यात येते. मात्र घटना अनपेक्षित असावी लागते. सात तासांत रिकामी झालेली टाकी या व्याख्येत बसते. वर्षभर झिरपणारा सांधा बसत नाही.

घर भाड्याने दिले असेल तर?

घरमालकाने इमारतीचा विमा उतरवावा. भाडेकरूने आपल्या सामानाचा. विम्याची रक्कम ठरवताना जागेची किंमत धरायची नाही, कारण नळ फुटला तरी जमीन जागेवरच राहते. चटईक्षेत्राला बांधकामाच्या चालू दराने गुणायचे. ६० चौरस मीटरचे घर आणि दर समजा २०,००० रुपये, तर रक्कम १२ लाख. ‘भारत गृह रक्षा’त इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, पण जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, सामानाचे संरक्षण आपोआप मिळते. विमा असलेल्या घटनेमुळे घर राहण्याजोगे उरले नाही, तर बुडालेल्या भाड्याचीही तरतूद तिच्यात आहे.

पॉलिसी निवडताना तीन गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात. घर सलग किती दिवस बंद राहिले तर चालते? गळती शोधण्यासाठी भिंत फोडण्याचा खर्च मिळतो का? पर्यटकांना दिवसाच्या भाड्याने दिलेला बंगला राहते घर मानला जाईल का? लोणावळ्यात तर हे प्रश्न फारच महत्त्वाचे आहेत. खरी माहिती लपवली, तर ऐन वेळी भरपाई नाकारली जाऊ शकते.

हा प्रयोग करून पाहा

रात्री टाकीत येणारे पाणी बंद करा आणि पाण्याच्या पातळीवर खूण करा. सकाळपर्यंत एकही तोटी उघडू नका. टाकीच्या तळाचे क्षेत्रफळ १ चौरस मीटर असेल आणि पातळी १ सेंटिमीटर उतरली, तर १० लिटर पाणी कोठेतरी गेले. पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात असे दोनदा करून वहीत तारखेसह नोंद ठेवा. भर उन्हाळ्यातही पातळी उतरत असेल, तर दोष पावसाचा नाही. मोठ्यांना दाखवा आणि नळ दुरुस्त करणाऱ्याला बोलवा. अशी नोंद असेल, तर पुढे नळी खरोखरच अचानक फुटली, तेव्हा ‘ही जुनीच गळती’ या शंकेला उत्तर तुमच्या वहीत मिळेल.